निनावी इंटरनेट संथ का, आणि त्याहून संथ का नाही

राजापूर-लांज्याकडच्या एखाद्या वाडीत, जिथे घरात रेंजची एक कांडी आणि सड्यावर गेलं की तीन, तिथे आपली ओळख लपवून वेब दाखवणारा टॉर ब्राउझर उघडून बघा. पान यायला वेळ लागला की खापर टॉवरवर फुटतं. टॉवर थोडाफार दोषी असतोच. पण बाकीचा उशीर निनावीपणाची किंमत म्हणून सोसलेला आहे, आणि गंमत म्हणजे खऱ्या अर्थाने लपायला जेवढा उशीर लागला असता त्याच्या मानाने तो अगदीच किरकोळ आहे. वेगाच्या बाजूने झुकणारा हा निर्णय वीसेक वर्षांपूर्वी जाणूनबुजून घेतला गेला.

सुरुवात त्याच्याही आधीची. १९८१ साली डेव्हिड चॉम या अमेरिकी संशोधकाने एक अडचण मांडली. ई-मेलचा मजकूर कूटबद्ध केला तरी कोणी, कोणाला, कधी पाठवलं हे उघडंच राहतं. त्याने सुचवलेल्या यंत्राचं नाव ‘मिक्स’. हे यंत्र बरेच संदेश जमेपर्यंत थांबतं, सगळे एकाच मापाचे करतं, क्रम उलटापालटा करतं आणि एकदम बाहेर सोडतं. दारात बसून पाहणाऱ्याला आत गेलेला कुठला आणि बाहेर आलेला कुठला, हे जुळवता येत नाही. मात्र तुमचा संदेश हलायचा तर आधी इतरांचे संदेश यायला हवेत. लपणं थांबण्यातूनच येतं.

लोकांना थांबायचं नव्हतं. १९९३ मध्ये फिनलंडमध्ये योहान हेलसिंगियस यांनी सुरू केलेली पेनेट ही निनावी ई-मेलची सेवा लोकप्रिय झाली, कारण ती सोपी होती: एकच सर्व्हर, त्यात खऱ्या आणि खोट्या पत्त्यांची एक यादी. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि त्या यादीतलं एक नाव द्यावं लागलं. १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. त्याच सुमाराला मिक्समास्टर ही चॉमच्या वळणाची प्रणाली चालू होती. ती कितीतरी सुरक्षित होती, पण पत्र पोचायला कधी कधी तास लागत आणि वापरणारे मूठभर.

तोवर वेब आलं होतं, आणि वेबचं पान तासभर थांबत नाही. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी १९९६ पर्यंत ‘अनियन राउटिंग’ मांडलं. संदेशावर कांद्यासारखे कूटबद्धतेचे थर चढवायचे आणि तो अनेक यंत्रांमधून न्यायचा. प्रत्येक यंत्र एकच थर सोलतं, त्यामुळे त्याला फक्त आपल्या मागचं आणि पुढचं यंत्र कळतं. पुढे याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या टॉरमध्ये मिक्ससारखं थांबणं आणि क्रम बदलणं दोन्ही गळालं. संदेश आला की पुढे गेला.

नौदलाची पंचाईत वेगळीच होती. ही वाट फक्त नौदलानेच वापरली, तर तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आंगणेवाडीच्या जत्रेत कोण कुठून आला हे कोणी विचारत नाही. एरवी मसुऱ्याच्या रस्त्याने अनोळखी माणूस चालला की चार पडव्यांतून ‘कोणाकडे इलास?’ येतं. म्हणून जत्रा भरवावी लागली. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सायव्हरसन यांच्यासह टॉर घडवलं आणि २००२ मध्ये ते सर्वांना खुलं झालं.

मला या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती अशी: डिंगलडाइन आणि मॅथ्यूसन हे दोघे २००३ मध्ये मिक्समिनियन या नव्या, संथ आणि जास्त सुरक्षित ई-मेल प्रणालीवरही काम करत होते. दोन्ही वाटा त्यांच्या हातात होत्या. त्यांतल्या संथ वाटेला वापरणारे फारसे मिळालेच नाहीत. २००६ मध्ये त्यांनी स्पष्टच लिहिलं की वापरायला अवघड प्रणाली कमी लोक वापरतात, आणि कमी लोक म्हणजे कमी निनावीपणा. कागदावर भक्कम पण रिकामी प्रणाली कोणालाच लपवत नाही.

त्याची किंमत त्यांनी लपवली नाही. टॉरच्या २००४ च्या शोधनिबंधातच नमूद आहे की दोन्ही टोकांवर नजर ठेवणाऱ्यापासून ही प्रणाली वाचवत नाही. इकडे डेटाचे पुडके (पॅकेट) केव्हा गेले आणि तिकडे केव्हा निघाले, एवढ्या वेळेवरून जुळणी होते. मजकूर वाचायची गरजच नाही. कधी कधी एवढंही लागत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटलं नाही. धमकीच्या सुमारास विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉर कोण वापरत होतं एवढंच पाहिलं गेलं, आणि चौकशीत त्याने कबुली दिली. रत्नागिरीच्या एखाद्या होस्टेलवर याहून वेगळं काय होईल? सायबर कॅफेत बसलात तर २०११ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र पाहून आल्या-गेल्याची वेळ नोंदवहीत चढते, आणि ती नोंद वर्षभर जपायची असते.

आता प्रत्यक्ष संथपणाकडे. टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर टिचकी मारली की वाट दिसते: हा ब्राउझर, मग जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशी तीन नावं, मग संकेतस्थळ. स्वयंसेवकांचे बहुतेक रिले, म्हणजे ही मधली यंत्रं, युरोप-अमेरिकेत आहेत, भारतात फारच थोडे. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेतच सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाशालाही जाऊन यायला ६५ मिलिसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ जात नाही. गुहागरच्या माणसाने मुंबईतल्या सर्व्हरवरचं मराठी पान उघडलं तरी त्याची विनंती युरोप फिरून परत मुंबईलाच येते.

त्यात एक जुनं दुखणं होतं. पोच येईपर्यंत एका वाटेवर जास्तीत जास्त १००० पुडकी, प्रत्येकी सुमारे अर्धा किलोबाइट, एवढीच मुभा होती. फेरीला अर्धा सेकंद लागत असेल तर वेग सेकंदाला एक मेगाबाइटच्या वर जाणं शक्यच नव्हतं, मग घरी कितीही जाडजूड फायबर येवो. २००९ मध्ये टॉरच्या मंडळींनी संथपणाच्या कारणांचा अहवाल काढला. त्यात रिले कमी, गर्दीचं नियंत्रण कच्चं आणि टॉरेंटवाले मोकाट, असं सगळं होतं. मर्यादेवरचा खरा इलाज मात्र २०२२ च्या ०.४.७ आवृत्तीत आला.

आपली वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारं व्हीपीएन टॉरपेक्षा जलद असतं कारण मध्ये एकच थांबा असतो. म्हणजे पेनेटचंच रूप: एक सर्व्हर, एक मालक, आणि त्याच्यावरचा विश्वास. फुकट व्हीपीएन घेऊन सामने बघणाऱ्या आमच्या पोरांना हे सांगून उपयोग नाही, ते सामना संपल्यावर ऐकतात. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि भारतीय पत्ते सिंगापूरसारख्या ठिकाणांहून द्यायला लागल्या. नोंदी टळल्या, पण मालवणहून मुंबईला जायची वाट सिंगापूरवरून झाली.

२०१८ मध्ये काही संशोधकांनी ही सगळी ओढाताण गणितात बसवली: भक्कम निनावीपणा, कमी उशीर आणि कमी डेटा, यांपैकी दोनच मिळतात. उशीर नको असेल तर खोटी पुडकी सतत पाठवत राहायची, म्हणजे खरी कुठली ते कळत नाही. हा उपाय टॉरने मोठ्या प्रमाणावर घेतलेला नाही, कारण स्वयंसेवकांची क्षमता खऱ्या पानांनाच पुरत नव्हती. आणि रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या फोनवर हा खोटा डेटाही त्याच दीड जीबीतून वजा होईल.