समर कॅम्पला नाव घालण्याआधी कोच बघा

एप्रिल आला की समर कॅम्पच्या जाहिराती सुरू होतात, क्रिकेट, फुटबॉल, स्केटिंग, मल्लखांब, आणि सगळीकडे तेच लिहिलेलं, मुलांचा आत्मविश्वास वाढेल, टीमवर्क येईल, शिस्त लागेल. हे होतं, नक्की होतं, पण मूल नुसतं मैदानावर सोडलं म्हणून नाही. पालक फी विचारतात, वेळ विचारतात, कोच मुलांशी बोलतो कसा हे मात्र कुणीच विचारत नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांची माणसं लहान मुलांच्या बेसबॉल मॅचला बसायची आणि कोचचं वागणं टिपून घ्यायची, म्हणजे पोराकडून कॅच सुटला की तो ओरडतो, धीर देतो, काय चुकलं ते सांगतो की बघतच नाही. नंतर मुलांना आणि कोचना वेगवेगळं विचारलं तर कोच कसा वागतो हे मुलांनी बरंचसं बरोबर सांगितलं, कोचना मात्र स्वतःच्याच वागण्याचा फारसा अंदाज नव्हता!

मग काही कोचना सीझनआधी जेमतेम काही तासांचं ट्रेनिंग दिलं. निकाल काहीही लागो, प्रयत्नाला शाबासकी द्यायची, चूक झाली की आधी धीर आणि मग दुरुस्ती, टोमणे आणि शिक्षा बंद, बस एवढंच. १९९२ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात १० ते १२ वर्षांची मुलं होती. ट्रेनिंगवाल्या टीम जास्त मॅच जिंकल्या असं काही झालं नाही, पण पुढच्या वर्षी साध्या कोचकडच्या २६ टक्के मुलांनी खेळ सोडला आणि ट्रेनिंगवाल्यांकडच्या फक्त ५ टक्के! शिवाय त्यांच्या कामात दिसलं की चांगल्या कोचचा सगळ्यात जास्त फायदा आधीच स्वतःला कमी समजणाऱ्या मुलांना होतो, म्हणजे आपल्याकडे ज्याला लिंबूटिंबू म्हणून बाउंड्रीवर उभं करतात त्यालाच.

टीमवर्कचंही तसंच. १९५४ मध्ये अमेरिकेतल्याच ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी एका समर कॅम्पमध्ये मुलांचे दोन गट करून बक्षिसांसाठी स्पर्धा लावल्या तर ती एकमेकांचे झेंडे जाळायला लागली, आणि पाणी बंद पडल्यावर सगळ्यांना मिळून दुरुस्ती करावी लागली, तशीच आणखी काही कामं एकत्र करावी लागली, तेव्हा कुठे भांडणं निवळली.

म्हणून पैसे भरण्याआधी एकदा चालू बॅच बघून या आणि सगळ्यात कच्च्या पोराला किती वेळ बॅटिंग मिळते तेवढं बघा.