ईश्वरी प्रकटीकरण : सृष्टी आणि शास्त्र

ईश्वरी प्रकटीकरण ही ख्रिस्ती धर्मविचारातील पायाभूत संकल्पना आहे. मनुष्य आपल्या बुद्धीने किंवा साधनेने देवाचा शोध लावतो असे न मानता, देव आपण होऊन स्वतःची ओळख करून देतो, हा तिचा गाभा होय. ही ओळख दोन प्रकारे होते असे सामान्यतः मानतात. सृष्टी, इतिहासाचा क्रम व मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी यांतून सर्वांना सर्वकाळ होणारे ते सामान्य प्रकटीकरण. आणि इस्राएलाचा इतिहास, संदेष्टे, येशू ख्रिस्त व पवित्र शास्त्र (बायबल) यांतून विशिष्ट काळी विशिष्ट लोकांना झालेले ते विशेष प्रकटीकरण. दोहोंचे वजन मात्र सारखे नाही, आणि या विषयावरील बहुतेक वाद त्या वजनाबद्दलच झालेले आहेत.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्रात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात. पहिल्या सहा ओव्यांत आकाश देवाचा महिमा वर्णन करते, तेही शब्दांवाचून. सूर्य लग्नमंडपातून निघालेल्या वरासारखा आपली धाव धावतो. सातव्या ओवीपासून कसलीही पूर्वसूचना न देता कवी परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो. आकाशाकडे पाहून तो केवळ थक्क झाला होता. शास्त्राशी येताच त्याला स्वतःचे दोष आठवतात आणि न कळत घडलेल्या अपराधांची तो क्षमा मागतो. सृष्टीने विस्मय उपजावा आणि शास्त्राने पश्चात्ताप, ही पुढील शतकांत पद्धतशीरपणे मांडली गेलेली विभागणी या स्तोत्रात बीजरूपाने आहेच.

आरंभीच्या ख्रिस्ती प्रेषितांपैकी पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, की देवाचे अदृश्य गुण, म्हणजे त्याचे सामर्थ्य व देवपण, निर्मिलेल्या वस्तूंवरून उमगतात, म्हणून माणसाला सबब उरत नाही. म्हणजे सृष्टीची साक्ष माणसाला जबाबदार धरण्याइतकी पुरेशी, पण त्याला तारण्याइतकी नव्हे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल श्रोते पाहून आरंभ बदलतो. पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात यहुद्यांसमोर तो शास्त्रातील इतिहासापासून सुरुवात करतो. लुस्त्र येथे लोक त्याला व त्याचा सहकारी बर्णबा याला देव समजून बैल बळी द्यायला निघतात, तेव्हा तो पाऊस आणि पिकांचे हंगाम यांची साक्ष काढतो.

सृष्टी व शास्त्र हे एकाच कर्त्याचे दोन ग्रंथ आहेत, ही प्रतिमा मध्ययुगीन युरोपात रूढ झाली. मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्विनास (मृत्यू 1274) याच्या मते देवाचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करता येते, त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव असण्याचे, रहस्य मात्र प्रकटीकरणावाचून कळत नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन (1509–1564) याने शास्त्राला चष्म्याची उपमा दिली : दृष्टी अधू झालेल्या माणसापुढे सृष्टीचा ग्रंथ उघडा असला, तरी या चष्म्याशिवाय त्याला तो नीट वाचता येत नाही. गॅलिलिओने 1615 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात याच प्रतिमेचा आधार घेऊन, दोन्ही ग्रंथ एकाच देवाचे असल्याने त्यांत खरा विरोध संभवत नाही, असा युक्तिवाद केला.

सृष्टीवरून देव सिद्ध करण्याच्या उत्साहाला पुढे तडे गेले. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधील लिस्बनला भूकंप झाला तेव्हा चर्चे भाविकांनी भरलेली होती; अशा सृष्टीवरून दयाळू देव कसा सिद्ध करावा, हा प्रश्न उभा राहिला. डार्विनचा उत्क्रांतीवरील 1859 मधील ग्रंथ तर त्यानंतरचा. तरीही कॅथलिक चर्चच्या 1870 च्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देवाचे निश्चित ज्ञान होऊ शकते, असे घोषित केले. उलट 1934 मध्ये प्रॉटेस्टंट धर्मपंडित कार्ल बार्टने, सामान्य प्रकटीकरणाला काही स्थान देऊ पाहणाऱ्या एमिल ब्रुनरला उत्तर देताना, ख्रिस्ताला वगळून देवाकडे जाणारी वाट साफ नाकारली. नाझी जर्मनीत त्या वेळी वंश आणि भूमी यांतही ईश्वरी संकेत पाहिले जात होते, हे ध्यानात घेतल्यास बार्टचा कडवेपणा अनाठायी वाटत नाही.

शास्त्राविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेची तुलना मीमांसकांच्या अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेल्या, वेदाशी करण्याचा मोह होतो, पण ती फार पुढे नेता येत नाही. बायबलचे लेखक माणसेच होती, त्यांच्या लेखनात त्यांचा काळ व स्वभाव उतरला आहे, आणि तरी ते पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिले गेले, अशी मुख्य परंपरेची धारणा आहे. शिवाय इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला व आता पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, द्वारे बोलला आहे असे म्हटले आहे. त्यामुळे प्रकटीकरणाची परिसीमा ग्रंथात नसून व्यक्तीत ठरते. प्रॉटेस्टंट पंथ शास्त्राला अंतिम प्रमाण मानतात. कॅथलिक पंथ त्याच्या जोडीला परंपराही मानतो.

बडोद्यातील मराठी वाचकांना हा विषय अनोळखी नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी तौलनिक धर्माभ्यासाला आश्रय दिला आणि इंग्रज प्राध्यापक अल्बन विजरी यांनी बडोद्यात त्याचे अध्यापन केले. सयाजीरावांनी ज्यांच्या शिक्षणाला साहाय्य केले, ते विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये याच अभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेले. शिंदे ज्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, तो कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानत नाही. म्हणजे सृष्टी व अंतःकरण यांची साक्ष तो स्वीकारतो आणि विशेष प्रकटीकरणापाशी थांबतो. बडोद्यात शिकलेल्या विनोबा भाव्यांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ या नावाने नव्या करारातील (बायबलच्या ख्रिस्तविषयक भागातील) निवडक वचने संकलित केली. दासबोध आणि ज्ञानेश्वरीवर वाढलेल्या घरांत असे सारग्रहण स्वाभाविक वाटते, पण ख्रिस्ती मताची अडचण नेमकी इथेच आहे. सार्वकालिक सत्य सामान्य प्रकटीकरणातून सर्वांनाच खुले असेल, तर ते कुठूनही वेचता येईल. विशेष प्रकटीकरण मात्र यरुशलेममध्ये रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत घडलेल्या क्रूसावरील मृत्यूशी व पुनरुत्थानाशी बांधलेले आहे, आणि ती घटना टरफल म्हणून बाजूला काढली, तर ख्रिस्ती दृष्टीने हाती उरते ते पुन्हा सामान्य प्रकटीकरणच.