गोळी सुरू करताय? पाकिटासोबत हेही वाचा

गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात कंपनीची घडी घातलेली चिठ्ठी असते. तिचा टाइप इतका बारीक असतो, की ती बहुधा न वाचताच फेकली जाते. म्हणून हा आमचा कागद. तो फक्त इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही हार्मोन्स असलेल्या गोळीबद्दल आहे. एकाच हार्मोनची गोळी किंवा संबंधांनंतर घ्यायची तातडीची गोळी यांचे नियम वेगळे. त्यांना इथलं काही लावू नका.

आधी ब्लडप्रेशर मोजून घ्या

मैत्रिणीला चालली म्हणून तीच गोळी मागायला येणाऱ्या बऱ्याच जणी असतात. आम्ही त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवतो आणि त्याचा थोडा रागही ओढवून घेतो. कारण इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण स्त्रियांपैकी वर्षाला साधारण दोघींना असा त्रास होतो, घेणाऱ्यांपैकी ५ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो, त्यामुळे निरोगी स्त्रीने घाबरून जायचं कारण नाही. पण ब्लडप्रेशर वाढलेलं असेल, पूर्वी गुठळी, पक्षाघात, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा गंभीर आजार झाला असेल, पस्तिशी उलटली असून सिगारेट ओढत असाल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा येत असतील तरीही नाही. बाळाला अंगावर पाजत असाल तर पहिले ६ आठवडे अजिबात नको, पुढेही डॉक्टरांना विचारूनच.

सुट्टी ७ दिवसांची, ८ची नाही

पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत गोळी सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. एरवी सुरू केली तर पहिले ७ दिवस कंडोमही वापरा.

२१ गोळ्यांचं पाकीट संपलं की ७ दिवस सुट्टी. २८च्या पाकिटात सुट्टी नसते. शेवटच्या वेगळ्या रंगाच्या गोळ्यांमध्ये हार्मोन नसतं, त्या फक्त सवय मोडू नये म्हणून. या दिवसांत रक्तस्राव होतो. तो थांबला असो वा नसो, आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालंच पाहिजे. गफलत नेमकी इथेच होते. सुट्टीत बीजकोश पुन्हा जागे होऊ लागतात. ती एक-दोन दिवस लांबली तर बीज बाहेर पडू शकतं. पाकिटाच्या मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा पहिली गोळी उशिरा घेणं जास्त महागात पडतं.

एकच गोळी चुकली, तर आठवताक्षणी घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा जास्त चुकल्या, तर शेवटची चुकलेली तेवढी घ्या, आधीच्या सोडून द्या, पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. असं पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आलेले असतील, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारा. हार्मोनच्या ७ पेक्षा कमी गोळ्या उरल्या असताना झालं, तर सुट्टी न घेता थेट नवं पाकीट फोडा. बिनहार्मोनची गोळी चुकली तर काहीच करायला नको.

गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या.

मध्येच महिनाभर ‘शरीराला आराम’ म्हणून गोळी थांबवू नका. त्याला वैद्यकीय आधार नाही, आणि दिवस जातात ते अशाच महिन्यात.

दुसरी औषधं चालू असतील तर

टीबीचं रिफाम्पिसिन, फिटसाठीची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन आणि एचआयव्हीवरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची अँटिबायोटिक्स तसं करत नाहीत. तरी कोणतंही नवं औषध घेताना गोळीचं नाव सांगाच. इथे संकोच नको. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला निदान महिनाभर आधी कळू द्या.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, स्तन दुखरे होणं, अधूनमधून डाग पडणं हे चालायचंच. गुप्तरोगांपासून मात्र ही गोळी वाचवत नाही.

हे दिसलं तर वाट पाहायची नाही

एकाच पोटरीत दुखणं व सूज, छातीत कळ, अचानक धाप, कधी नव्हे इतकी डोकेदुखी, नजर किंवा बोलणं बिघडणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं: यातलं एकही झालं तर पुढची गोळी घेऊ नका. आम्हाला फोन करण्यातही वेळ घालवू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि गर्भनिरोधक गोळी चालू असल्याचं तिथे सर्वांत आधी सांगा.