पिचरचा मागचा पाय आणि पंचाची नजर

अमेरिकेत शाळकरी मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉल सामन्याला चार-दोन वेळा गेलेल्या माणसाला एक दृश्य ओळखीचे असते. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी खेळाडू, चेंडू टाकते, समोरच्या संघाच्या बाकावरून प्रशिक्षक उठतो आणि ‘तिचा पाय हवेत आहे’ असे पंचाला ओरडून सांगतो. पंच बहुतेक वेळा मान हलवून खेळ पुढे चालू ठेवतो. नियमपुस्तकात ज्याला ‘इल्लीगल पिच’ म्हणतात, त्या बेकायदा फेकीवरून होणारा हा वाद वरवर पाहता शिस्तीचा वाटतो. चुकीचे शिकवणारे प्रशिक्षक, कानाडोळा करणारे पंच आणि आपल्याच मुलीची बाजू घेणारे पालक, अशी त्याची नेहमीची मांडणी असते. इतिहास पाहिला तर प्रश्न थोडा वेगळा दिसतो. पिचरच्या शरीराकडून नियमाने जे मागितले, ते मैदानावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या डोळ्यांना खात्रीने दिसणारे नव्हते, आणि या विसंगतीचा सर्वाधिक भार लहान मुलींच्या खेळावर पडत राहिला.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये शिकागोत, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी झाला. फॅरागट बोट क्लबमध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यातील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या मंडळींनी बॉक्सिंगच्या हातमोज्याचा चेंडू आणि झाडूच्या दांड्याची बॅट करून दालनातच बेसबॉलची नक्कल केली, आणि जॉर्ज हॅनकॉक याने पुढे त्याला नियमांचे रूप दिले. खेळ छताखाली आणि थोड्या जागेत चालणारा असल्यामुळे चेंडू खालून, खांद्याच्या वर हात न नेता टाकायचा, हे ओघानेच आले. फलंदाजाला चेंडू खेळायला द्यायचा, एवढाच त्या फेकीचा मूळ हेतू होता. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव वॉल्टर हॅकनसन यांनी १९२६ मध्ये सुचवले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा भरली, त्याच वर्षी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावच्या वेगवेगळ्या नियमांना एका साच्यात बसवण्याचे काम सुरू झाले. आज हीच संस्था ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखली जाते.

तोपर्यंत पिचर मात्र ‘चेंडू खेळायला देणारा’ उरला नव्हता. हात मागे ताणून गोफणीसारखा पुढे झोकणारी ‘स्लिंगशॉट’ पद्धत आणि हात पूर्ण वर्तुळात फिरवणारी ‘विंडमिल’ पद्धत यांनी खालून टाकलेल्या चेंडूलाही भयंकर वेग दिला. कनेटिकटमधील वॉटरबरी येथे १९६१ मध्ये जोन जॉइस हिने टेड विल्यम्ससारख्या बेसबॉलमधील श्रेष्ठ फलंदाजाला हतबल केले, तेही स्लिंगशॉट पद्धतीने. ‘द किंग अँड हिज कोर्ट’ या चार जणांच्या संघाचा एडी फीनर याने १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर विली मेज, रोबेर्तो क्लेमेंते यांच्यासारख्या बेसबॉलमधील सहा तारांकित फलंदाजांना ओळीने बाद केले होते. पिचरचे हे वर्चस्व आवरण्यासाठी दोन मार्ग वापरले गेले. पहिला मार्ग पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर वाढवण्याचा. पुरुषांसाठी ते ४६ फुटांवर स्थिरावले, अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींसाठी १९८८ मध्ये ४० फुटांचे ४३ फूट झाले आणि माध्यमिक शाळांमध्ये हाच बदल २०११ च्या हंगामापासून सक्तीचा झाला. दुसरा मार्ग पिचरच्या हालचालींना बांधून ठेवण्याचा. आजचा वाद याच दुसऱ्या मार्गावर उभा आहे.

हे बंधन किती बारीक आहे, ते नियम वाचल्यावरच लक्षात येते. पिचिंग प्लेट, म्हणजे पिचर जिच्यावरून चेंडू टाकते ती पट्टी, २४ इंच रुंद आणि ६ इंच खोल असते आणि तिच्याभोवती ८ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. पिचरने प्लेटवर उभे राहून कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूची, खूण घ्यायची, दोन्ही हात एकत्र आणून किमान एक सेकंद थांबायचे, आणि मग एकच पाऊल पुढे टाकायचे, तेही प्लेटच्या रुंदीच्या मर्यादेतच. हात दीड फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवायचा नाही, चेंडू सोडताना हात कंबरेच्या खाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर जाता कामा नये. यांतील बहुतेक गोष्टी पंचाला सहज दिसतात. हात एकत्र आले की नाहीत, हे प्रेक्षकांत बसलेल्या आजीलाही कळते. अडचण होती ती पिव्हट पायाची, म्हणजे प्लेटवर टेकवून ज्याने शरीर पुढे ढकलायचे त्या आधाराच्या पायाची. मुलींच्या खेळात हा पाय प्लेटवरून सुटल्यावर जमिनीला घासतच पुढे आला पाहिजे, असा नियम होता.

या नियमाचा भंग दोन प्रकारे होतो आणि बाकांवरून होणाऱ्या आरडाओरड्यात दोन्हींची सर्रास गल्लत होते. पिचर जोराने पुढे झेपावते तेव्हा क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, ही ‘लीप’. पाय हवेत जाऊन प्लेटच्या पुढे पुन्हा जमिनीवर रोवला जातो आणि त्या नव्या जागेवरून शरीराला दुसरा रेटा मिळतो, तो ‘क्रो हॉप’. कावळा अंगणात चालताना टुणकन उडी मारून पुन्हा टेकतो, त्या चालीवरून हे नाव आले. दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. क्रो हॉपमध्ये पिचर ४३ फुटांऐवजी चाळिशीच्या आसपास उभे राहून फेकल्यासारखी होते, म्हणजे अंतराचा नियमच मोडला जातो. साध्या लीपमध्ये रेटा मूळ प्लेटवरूनच मिळालेला असतो, त्यामुळे फायदा झालाच तर फार थोडा होतो. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू सेकंदाला ८८ फूट जातो आणि पिचर पाऊल टाकून प्लेटच्या साधारण ६ फूट पुढून तो सोडते, म्हणजे फलंदाजाच्या हाती ०.४२ सेकंद उरतो. या हिशेबात फुटाफुटाला किंमत आहे हे खरे, पण ती किंमत पाय कुठून रेटला यावर ठरते, तो दोन इंच वर उचलला गेला का यावर नव्हे.

घासत येणाऱ्या पायाची आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल खेळलेल्यांनीही ती पाहिली असेल. दोन-तीन इनिंग झाल्या की प्लेटसमोर पायाने चर पडतो. मग त्या खड्ड्यावरून जाणारा पाय घासतो आहे की तरंगतो आहे, हे कसे ठरवायचे? नियमकर्त्यांनी यावरही उत्तर काढले होते. खड्डा असेल तर पाय मूळ जमिनीच्या पातळीपेक्षा वर जाता कामा नये. कागदावर हे उत्तर निर्दोष आहे. ४० फुटांवर वाकून बसलेल्या पंचाने पाऊण सेकंदाच्या हालचालीत काल्पनिक पातळीच्या वरचा इंचभर फरक टिपावा, ही अपेक्षा मात्र मला कधीच पटलेली नाही.

दोन पंच असलेल्या सामन्यात कामाची वाटणी असते. होम प्लेटमागचा, म्हणजे फलंदाजाच्या मागचा, पंच हात आणि चेंडू पाहतो आणि मैदानातला पंच पायांवर नजर ठेवतो. छोट्या वयोगटांच्या सामन्यांना मात्र पुष्कळदा एकच पंच मिळतो. त्याला स्ट्राइकचा, म्हणजे फेक फलंदाजाच्या टप्प्यात होती का याचा, निर्णय द्यायचा असल्याने त्याची नजर चेंडूबरोबर फलंदाजाकडे येते, आणि पिचरचा पाय नेमका त्याच क्षणी हवेत असतो. पंचांची टंचाईही वाढत गेली. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या सर्व खेळांत मिळून २०१८-१९ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५०,००० पंचांनी काम सोडल्याचे तेथील शालेय क्रीडा महासंघाने सांगितले, आणि त्यामागे पालकांचे वागणे हे एक मोठे कारण मानले गेले.

शिक्षेचे स्वरूपही पंचाचा हात रोखणारे होते. बेकायदा फेक दिसली की पंच डावा हात बाजूला ताणून मूठ धरतो, पण खेळ लगेच थांबवत नाही. फलंदाजाने चेंडू मारला आणि ती व सर्व धावपटू किमान एकेक बेस (धाव पूर्ण करताना गाठायचा टप्पा) पुढे पोहोचल्या, तर चूक माफ होते. अन्यथा फलंदाजी करणाऱ्या संघाचा प्रशिक्षक झालेला खेळ किंवा दंड यांपैकी एक निवडतो. जुन्या नियमानुसार दंड म्हणजे फलंदाजाला एक ‘बॉल’ (तिच्या बाजूने मोजली जाणारी चुकीची फेक) आणि प्रत्येक धावपटूला एक बेस. आता बरोबरीत चाललेल्या सामन्याची शेवटची इनिंग, तिसऱ्या बेसवर धावपटू आणि प्लेटवर दहा वर्षांची पिचर अशी स्थिती डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या बेसवरून एक बेस पुढे म्हणजे धावच, त्यामुळे पायाच्या इंचभर उचलीसाठी मूठ धरणे म्हणजे सामनाच संपवणे. कितीतरी पंच अशा वेळी गप्प राहत आणि मग दुसऱ्या इनिंगमध्ये गप्प बसलो तर सहाव्या इनिंगमध्ये कसे बोलायचे, या पेचात अडकत. त्यामुळे तीच मुलगी पुढे चौदाव्या वर्षी कडक पंचासमोर आली की, चार वर्षे जी फेक चालली ती एका दुपारी बेकायदा कशी ठरली, हे तिला कळत नसे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा अन्याय झाला असेल तर तो इथे.

हा पेच आधी नव्हता असे नाही, पण तो एवढा पसरण्याचे कारण मुलींच्या खेळाचा विस्तार हे आहे. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये आला, मुलांच्या बेसबॉलची संघटना असलेल्या लिटल लीगने १९७४ मध्ये मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला, १९८२ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची महिला स्पर्धा भरू लागली आणि १९९६ मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीची वाट पिचिंग प्लेटवरून जाते हे लक्षात आल्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलींना खासगी पिचिंग शिक्षक लागले आणि वेग हे मोजमाप झाले. प्लेटवरून जितक्या जोराने झेपावावे तितका वेग वाढतो आणि तितकाच मागचा पाय जमीन सोडतो. त्यातच नियमपुस्तके अनेक. शाळेच्या संघात शालेय महासंघाचे नियम, तर शनिवार-रविवारच्या क्लब स्पर्धांत यूएसए सॉफ्टबॉल किंवा यूएसएसएसए या संघटनांचे. एका पुस्तकात सुरुवातीला दोन्ही पाय प्लेटला लागलेले असावे लागत, तर दुसऱ्यात एक पाय मागे चालत असे. मंगळवारी वैध असलेली मुलगी शनिवारी बेकायदा ठरू शकत असे.

मग मोबाइल आला. संथ गतीत चित्रण करणारे फोन पालकांच्या हाती पडल्यावर, जे पंचाला दिसत नव्हते ते तारेच्या जाळीमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला थांबवून, मोठे करून पाहता येऊ लागले. अनेक नामांकित पिचरांचे पायही हवेत दिसले. पुरुषांच्या खेळात लीप आधीपासून वैध होती, त्यामुळे ती मुलींनाच का नाकारायची, हा प्रश्नही जोर धरू लागला.

उत्तर दोन टप्प्यांत आले. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात दंड सौम्य होऊ लागला. फलंदाजाला ‘बॉल’ द्यायचा, पण धावपटूंना फुकटचा बेस द्यायचा नाही, असा बदल स्वीकारला गेल्याने पंचाच्या एका मुठीने सामना फिरण्याची भीती कमी झाली. त्यानंतरच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात अमेरिकेच्या शालेय नियमांनी मुलींनाही दोन्ही पाय जमिनीवरून सुटू देण्याची मुभा दिली. अट एवढीच की सुटलेला पाय चेंडू टाकण्यापूर्वी पुन्हा रोवून त्यावरून रेटा घ्यायचा नाही. जुन्या पंचांपैकी काहींना ही शरणागती वाटली. मला तसे वाटत नाही, कारण हवेतला पाय दिसणे अवघड असले तरी जमिनीवर दुसऱ्यांदा रोवलेला पाय आवाज करतो, धूळ उडवतो आणि प्लेटपासून हात-दीड हात पुढे आपली खूण सोडून जातो. क्रो हॉप आजही बेकायदा आहे, आणि आता पंचाला फक्त ती खूण शोधायची असते.