पगाराची नोकरी की कमिशनची: ‘फिक्स’ म्हणजे नेमकं काय?

नागपुरात वर्धा रोड, बेसा, मानेवाडा या बाजूला प्लॉट आणि फ्लॅट विकणाऱ्या ऑफिसांच्या जाहिरातीत ‘महिना 15 ते 40 हजार’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून नोकरी पगाराची आहे की कमिशनची, ते कळत नाही. मुलाखतीत ‘10 हजार फिक्स’ ऐकलं की पोरं पगार समजून हो म्हणतात. बऱ्याचदा ती उचल असते. पुढे कमिशन झालं की त्यातून ती वळती होते, आणि नोकरी सोडताना बाकी अंगावर निघते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ही रक्कम कमिशनमधून कापणार का? उत्तर लेखी घ्या.

पगाराच्या नोकरीत नियुक्तिपत्र आणि पगारपत्रक मिळतं. 18,000 पगार आणि त्यात बेसिक 12,000 धरू. बेसिकवर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440, पूर्ण पगारावर ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 135 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) कापून हातात 16,225 येतात. महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. हातातली रक्कम कमी वाटते, पण मालकही पीएफमध्ये साधारण तेवढेच टाकतो आणि घरच्यांचं आजारपण ईएसआयवर निघतं.

कमिशनमध्ये करारपत्र असतं आणि खरी मेख त्यातच असते. कमिशन टोकनवर देय आहे, इसारावर की रजिस्ट्रीवर? टोकन आणि रजिस्ट्री यांच्यात बँकेचं कर्ज येतं, त्यामुळे दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्यात ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर घेतलेलं कमिशन परत द्यावं लागतं का, तेही बघा.

15 लाखांच्या प्लॉटवर 1 टक्का म्हणजे 15,000. सहा महिन्यांत 2, 0, 1, 0, 3, 0 असे सहा प्लॉट गेले आणि एक रद्द झाला, तर उरले 75,000. बर्डीहून बुटीबोरीकडची साइट दाखवायची तर जाऊन-येऊन 50 किलोमीटरच्या वर पडतात. पेट्रोल, सर्व्हिसिंग, फोन यांचे महिना 4,000 धरले तर 24,000 गेले. सरासरी पडली महिना 8,500. वरच्या पगाराची, पीएफ धरून, बरोबरी करायला सहा महिन्यांत नऊ-दहा रजिस्ट्र्या लागतात. मे महिन्याच्या उन्हात ग्राहक साइटवर यायला तयार होत नाही आणि पितृपक्षात बहुतेक जण व्यवहार टाळतात. अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आकड्यांवर वर्षाचा अंदाज बांधला की तो चुकतोच.

पगार अधिक इन्सेंटिव्ह हा तिसरा प्रकार या दोन्हींत मिसळून सांगितला जातो. त्यात टार्गेट हुकलं तर फक्त इन्सेंटिव्ह जायला हवं. मूळ पगारालाच हात लागत असेल, तर ती कमिशनचीच नोकरी समजा.

कराचं कामही वेगळं आहे. पगारावर कापलेल्या कराचा दाखला (फॉर्म 16) मालकाकडून मिळतो. कमिशनवर, वर्षात 20,000 ओलांडले की, 2 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. पॅन दिला नसेल तर 20 टक्के. रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, म्हणून पेट्रोलचा खर्च वजा मागता येतो, पण पावत्या ठेवलेल्या असतील तरच.

घरभाडं किंवा हप्ता चालू असलेल्या नवख्याने आधी पगार घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याच्या ओळखीत खरेदीदार आहेत आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, त्याला कमिशन परवडतं. गृहकर्ज काढायचा बेत असेल तर तेही आत्ताच लक्षात घ्या. पगारदाराकडे बँक अलीकडच्या पगारपत्रकांवर भागवते, कमिशनवाल्याकडे मात्र साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. आणि स्वतःच्या नावावर दलाली करायची असेल तर महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, एजंट नोंदणी आधी करा. नोंदणीकृत प्रकल्पात त्याशिवाय सौदा लावून दिला तर रोज 10,000 रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे.