बुटांचे पैसे

रविवारी सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत, काळ्या घोड्यापाशी, धावणाऱ्यांचा घोळका जमतो. धावणं आटोपलं की शेवउसळीच्या गाडीकडे वळण्याआधी अर्धा तास गप्पा होतात आणि त्यातला निम्मा वेळ बुटांवर जातो. मागच्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने सोलमध्ये कार्बनची पट्टी असलेला जोड आणला. हातात घेऊन पाहिला. टाचेखाली फोम चांगला दोन बोटं जाड, वजन मात्र घरातल्या स्लिपरएवढं. किंमत ऐकून सगळे गप्प झाले. तेवढ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं, "काका, मोठ्या धावपटूंना हे फुकट मिळतात ना? वर पैसेही देतात म्हणे. ते कशाचे?"

"पाय भाड्याने घेतल्याचे," मी म्हणालो. उत्तर जरा खवचट होतं, पण चुकीचं नव्हतं. क्रिकेटपटूला बोर्ड मानधन देतं, आयपीएलचा संघ पैसे देतो. धावपटूला संघ नाही, मालक नाही, तिकीटविक्रीत वाटा नाही. बक्षिसाची रक्कम पहिल्या काहींपुरतीच. विकता येईल अशी त्याच्या अंगावरची जागा म्हणजे बनियन आणि बूट. त्यातही बूट, कारण तोच दुकानात विकला जातो.

बडोद्याला पळण्याचे पैसे ही गोष्ट काही नवी नाही. 'सत्तेची साठमारी' हे शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. मूळची साठमारी म्हणजे हत्तीला डिवचायचं आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळायचं. त्यासाठी इथे खास अग्गड, म्हणजे भिंतींनी वेढलेला आखाडा, होता. त्याच्या भिंतीत माणूस शिरेल पण हत्ती अडेल अशी अरुंद दारं ठेवलेली असत. खंडेराव महाराजांच्या काळात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे आला होता, त्याने या खेळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. खेळ संपला की साठमारांना महाराजांच्या हातून कापड आणि पैशाच्या थैल्या मिळत. पळणारे पुष्कळ, देणारा एक, आणि कुणाला किती हे त्याच्या मर्जीवर. पुढचं सगळं वाचताना हा एकटा देणारा लक्षात असू द्या.

युरोपात तेव्हा उलटा वारा होता. धावावं ते हौसेखातर, पैसे घेतले तर बाटलात. फिनलंडच्या पावो नुर्मीने ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं मिळवली होती, पण प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला त्याला धावूच दिलं नाही. ज्यांच्या घरी पोटापाण्याची ददात नाही, त्यांनीच केलेला हा नियम.

बूट मात्र या सोवळ्यातून पहिल्यापासून निसटले. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावात डासलर बंधूंचा कारखाना होता. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणारा जेसी ओवेन्स त्यांचे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालून धावला. महायुद्धानंतर भावांचं फाटलं. रुडॉल्फने पुमा काढली, आडॉल्फने आदिदास. एकाच गावात दोन कारखाने आणि दोघांना हवे तेच ते पाय. भाऊबंदकीमुळे बुटांचा भाव चढला, असं म्हणायला हरकत नाही.

१९६०मध्ये रोमला जर्मनीचा आर्मिन हारी शंभर मीटर पुमा घालून जिंकला आणि पदक घ्यायला आदिदास घालून गेला. दोन्हीकडून वसुली करण्याचा बेत होता, असं सांगतात. त्याच ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला तेव्हा पायात पुमा होते. मेक्सिकोत १९६८ला तर पाकिटांतून रोख रकमा फिरल्या. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंचा विजयमंचावरच्या निषेधाचा तो प्रसिद्ध फोटो बहुतेकांनी पाहिला असेल: उंचावलेल्या मुठी, काळे हातमोजे. आता फोटोत खाली पाहा. दोघं नुसत्या काळ्या मोज्यांवर उभे आहेत, कृष्णवर्णीयांच्या गरिबीची खूण म्हणून. शेजारी विजयमंचावर पुमाचा बूट मात्र नीट ठेवलेला आहे.

हे लपूनछपून चालणं सत्तरच्या दशकात जड होऊ लागलं. अमेरिकेचा स्टीव्ह प्रीफॉन्टेन लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवत होता आणि हातातोंडाची गाठ पडत नाही म्हणून उघड तक्रार करत होता. नव्या नाइकीने त्याला वर्षाला पाच हजार डॉलर देऊ केले. नियम आड येऊ नये म्हणून कागदोपत्री ती जनसंपर्काची नोकरी. १९८१मध्ये पोर्टलंडच्या एका रस्ता शर्यतीत बक्षिसं उघडपणे वाटली गेली. महिलांत पहिली आलेल्या न्यूझीलंडच्या अ‍ॅन ऑडेनवर तिच्या देशाच्या संघटनेने बंदी घातली, ती पुढे उठवावी लागली. पुढच्याच वर्षी अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने खेळाडूंच्या नावे विश्वस्त निधी ठेवून त्यात पैसे जमा करायला मान्यता दिली. संघटनेच्या नावातला 'हौशी' हा शब्द मात्र २००१पर्यंत तसाच लटकत राहिला.

पैसे उघड झाले, करार मात्र गुपितच राहिले. त्यात काय लिहिलेलं असतं हे लोकांना नीट कळलं ते २०१६मध्ये, बोरिस बेरियनवर खटला झाला तेव्हा. हा ८०० मीटरचा धावपटू, एकेकाळी मॅकडोनाल्डमध्ये काम करणारा. त्या मार्चमध्ये तो जागतिक इनडोअर विजेता झाला. नाइकीशी त्याचा करार संपला होता आणि न्यू बॅलन्स वर्षाला सव्वा लाख डॉलर द्यायला तयार होती. पण जुन्या कराराप्रमाणे, दुसऱ्याने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून खेळाडू आपल्याकडेच ठेवण्याचा हक्क नाइकीला होता. कंपनीने आकडा बरोबर तोच लिहिला. भांडण होतं कपातीच्या कलमांवर. क्रमवारीत घसरलात, ठरलेल्या शर्यती धावला नाहीत, तर मूळ रकमेला कात्री, अशी ही कलमं. न्यू बॅलन्सच्या प्रस्तावात ती नव्हती. मग बरोबरी कसली? ऑलिंपिक निवडचाचणीच्या तोंडावर नाइकीने खटला मागे घेतला.

म्हणजे पोटरी दुखावली तर खर्च वाढतो आणि उत्पन्न त्याच महिन्यात घटतं. कारखान्यातल्या फिटरला आजारपणाची रजा असते. धावपटू कंपनीचा नोकर नसतो, नुसता कंत्राटदार.

याचं टोक म्हणजे बाळंतपण. २०१९च्या मे महिन्यात अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्सने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की आई झाल्यावर नाइकीने तिला आधीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ केले. तोवर तिच्या नावावर ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं होती. त्याआधी अलिसिया मॉन्टान्यो आणि कारा गाउचर या धावपटूंनीही तोंड उघडलं होतं. ऑगस्टमध्ये कंपनीने धोरण बदललं आणि गरोदरपणाच्या आगेमागे अठरा महिने कपात न करण्याचं मान्य केलं. फेलिक्सने स्वतःची बूट कंपनी काढली आणि २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तेच बूट घालून दोन पदकं मिळवली.

आमच्या मित्राच्या त्या जाड सोलचीही यातच एक गोष्ट आहे. २०१६च्या रिओ मॅरेथॉनमध्ये पुरुषांतल्या पहिल्या तिघांच्या पायात नाइकीचे बाजारात न आलेले, वेगाला मदत करणारे कार्बन पट्टीचे बूट होते. बाकीचे आपापल्या कंपनीच्या करारात बांधलेले. ज्याच्याशी करार, त्याच्याच शास्त्रज्ञांच्या भरवशावर तुमची शर्यत. अखेर जानेवारी २०२०मध्ये नियम आले: रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरच्या आत, पट्टी एकच.

दुसरा देणारा उभा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अमेरिकेचा माजी ऑलिंपिक विजेता धावपटू मायकल जॉन्सनने २०२५मध्ये ग्रँड स्लॅम ट्रॅक ही मालिका काढली, पहिल्याला एक लाख डॉलर. चौथी स्पर्धा रद्द झाली आणि धावपटू थकबाकीसाठी ताटकळत राहिले.

आपल्याकडे बूट कंपनीची जागा बराच काळ सरकारी नोकरीने भरून काढली. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत, बीडचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये. पगार लठ्ठ नसेल, पण पोटरी दुखावली म्हणून तो कापत नाहीत. माझं झुकतं माप याच बाजूला आहे, हे कबूल करतो.

मुलाला मी हिमा दासचं सांगितलं. वडिलांनी आणून दिलेल्या साध्या स्पाइक्सवर तिने पेनाने स्वतःच 'आदिदास' लिहिलं होतं. २०१८मध्ये ती फिनलंडमध्ये ४०० मीटरची ज्युनियर जगज्जेती झाली आणि त्याच कंपनीने तिच्या नावाचे बूट करून दिले. गोष्ट त्याला ठाऊक होती. "करार किती वर्षांचा? कपातीचं कलम आहे?" त्याने विचारलं. ते कागद कुणी दाखवत नाही, म्हटलं, आणि आम्ही गाडीकडे निघालो.