कुंडीतला क्षार आणि जिप्सम

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडच्या गच्च्यांवर गुलाबाची पानं कडेपासून करपायला लागतात. दोष उन्हाला जातो. ऊन आहेच, पण कुंडीच्या काठावरचा पांढरा पापुद्रा नखाने खरवडून बघा. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालत असाल, तर ते आणखी वेगाने साठतात. मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही.

आपल्या काळ्या मातीत आणखी एक भानगड होते. तिचे चिकण कण ऋणभाराचे. दोन धनभारांचं कॅल्शियम त्यांना एकत्र धरून ठेवतं. सोडियमचा भार एकच, शिवाय भाराच्या मानाने भोवतीचं पाण्याचं कवच जाड, त्यामुळे त्याची पकड ढिली. ते वाढलं की कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. शेतात अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो.

या सोडियमवर उपाय म्हणून जिप्सम आणण्याआधी एवढं कराच: ग्लासभर पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात वाळलेलं ढेकूळ हलकेच सोडा, ढवळू नका. काही तासांनी भोवती दुधाळ गढूळपणा पसरला, तर सोडियमचा त्रास आहे. ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ राहिलं, तर जिप्समवर पैसे घालवू नका. चांगलं पाणी भरपूर घालून क्षार खालच्या भोकातून धुऊन काढा.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. लीटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून ते सावकाश काम करतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं आणि सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जातं. पण निघून जायला वाट हवी! भोक बुजलेल्या कुंडीत जिप्सम टाकणं म्हणजे क्षारात भर. चुनखडीची पूडही इथे कामाची नाही. अल्कधर्मी मातीत ती विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल.

मातीत मिसळायच्या आणखी एका गोष्टीचं, झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचं, मला विशेष अप्रूप, कारण आपल्या सावद्याच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये स्टिलबाइट हे झिओलाइट सापडतं. 1756 मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तर त्यातलं पाणी उकळून बाहेर आलं. म्हणून हे नाव, ‘उकळणारा दगड’. बागेसाठी मिळतं ते बहुधा क्लिनोप्टिलोलाइट या जातीचं झिओलाइट. त्याच्या जाळीत पोटॅश आणि अमोनियम टिकून राहतात. जिप्समसारखं ते सोडियम हुसकावत नाही, पण खारट मातीत उपाशी राहणाऱ्या झाडाला आधार देतं.

जिप्सम मिसळायचंच असेल तर मे अखेरीस मिसळा. मृगाचं पाणी बिनक्षाराचं असतं, पुढची धुलाई तेच करतं. तोवर खारं पाणी कण्हेरीला आणि बोगनवेलीला घाला, त्या बरंच सोसतात. चांगलं पाणी गुलाबासाठी राखून ठेवा.